यंत्राची मूळ भाषा



यंत्राची मूळ भाषा शिकण्यास आज द्रव्य लागत नाही, हे आपल्या मुलांस कळावे, एवढाच माझा हेतू आहे. इंटेलने १९७६ साली आणलेल्या ८०८५ वर आम्ही शिकलो. एका संचाभोवती सहाजण दाटीने उभे, आणि वीज गेली की भरलेले सारे आकडे पुसले जावयाचे! त्याच ८०८५ ची नक्कल ‘जीएनयूसिम ८०८५’ ही आज्ञावली आता घरच्या संगणकावर विनामूल्य करते. हौजखासच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक स्मृती रंजन सारंगी यांनी तर संगणकरचनेवरील आपला ग्रंथ सर्वांस मोफत खुला केला आहे. त्यांच्या ‘सिंपलरिस्क’ मध्ये आज्ञा अवघ्या २१. आपली मुळाक्षरेसुद्धा याहून अधिक! आरंभ दोन संख्यांच्या बेरजेने करावा. अडल्यास रविवारी मंडळाच्या वाचनालयात मला गाठावे.