चिमट्याची नळी कापताना

सुरगाण्याला सायकल काही नवी नाही. आश्रमशाळेत जाणारी मुले, बाजाराला येणारी मंडळी, डोंगराळ वाट संपली की चढायची आणि चढ लागला की हातात धरून चालवायची अशी सायकल आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण गेल्या काही वर्षांत नाशिकच्या वाऱ्याने आमच्याकडच्या मुलांनाही वेगळ्याच सायकलीचा नाद लागला आहे. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीने पुरी केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत तोडले. पुढे 2017 मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. तेव्हापासून वणी-सापुतारा रस्त्यावर रविवारी पहाटे टोपीवाले सायकलस्वार दिसू लागले, आणि ते पाहून आमच्या आळीतल्या एका मुलाने दोन हंगामांच्या स्ट्रॉबेरीचे पैसे साठवून जुनी कार्बनची सायकल घेतली.

सायकल बरी मिळाली, पण पुढच्या चिमट्याला एक बारीक चीर होती. जाणकारांनी सांगितले की कार्बनच्या चिरेशी खेळ नको, चिमटा बदल. नवा चिमटा आला. त्याची वरची नळी, म्हणजे जी सायकलीच्या पुढच्या उभ्या पाइपातून वर येते आणि जिच्यावर हँडल बसते ती, चांगली 300 मिलिमीटर लांब. कारखान्यातून ती लांबच येते. ज्याने त्याने आपल्या मापाने कापून घ्यायची.

आमच्या जुन्या काळ्या सायकलीत ही भानगडच नव्हती. तिच्या नळीला आटे असायचे, वर नट बसायचा, आणि हँडलची दांडी आत सरकायची. बोल्ट सैल केला, वर एक ठोका मारला की हँडल खाली-वर करून घ्या. 1990 च्या सुमारास बिनआट्यांची पद्धत आली. तीत हँडलला धरणारा भाग, ज्याला दुकानदार स्टेम म्हणतात, तो नळीला बाहेरून मिठी मारतो. वजन कमी झाले, पकड पक्की झाली. पण हँडलची उंची आता नळीच्या लांबीत आणि खाली घातलेल्या चकत्यांत अडकली. जास्त राहिली तर पुन्हा कापता येते. कमी झाली तर कार्बनला ना डाग देता येतो, ना जोड.

मुलगा माझ्याकडे आला तो करवत घेऊनच. म्हणाला, "सर, दहा मिनिटांचं काम आहे." मी म्हटले, कापण्याचे काम दहा मिनिटांचे आहे हे खरे, पण मापाला संध्याकाळ जाऊ दे.

माप असे घ्यायचे. आधी सगळे जोडून पाहायचे: खालचे बेअरिंग, वरचे बेअरिंग, त्यावरची कडी आणि झाकण, मग चकत्या, मग स्टेम, आणि स्टेमवर आणखी एक 5 मिलिमीटरची चकती. चिमटा खालून घट्ट वर दाबून धरायचा आणि वरच्या चकतीच्या माथ्यापाशी नळीवर रेघ ओढायची. कापायचे मात्र त्या रेघेवर नव्हे, तर तिच्याखाली 3 मिलिमीटरवर. का, तर सगळ्यात वर जे झाकण बसते त्याचा बोल्ट आवळला की झाकणाने चकत्या खाली दाबल्या पाहिजेत. नळीच जर वर टेकली तर झाकण नळीवर बसेल, चकत्या सैल राहतील आणि पुढचे चाक कटकट वाजत राहील. उलट नळी स्टेमच्या माथ्यापेक्षा खाली गेली, तर स्टेमचा वरचा बोल्ट पोकळ जागेवर आवळला जातो. ती 5 मिलिमीटरची वरची चकती याचसाठी. तिच्यामुळे नळी स्टेमच्या वर 2 मिलिमीटर उभी राहते आणि स्टेमच्या पुऱ्या उंचीला नळीचा आधार मिळतो.

आमचा हिशेब 222 मिलिमीटर ठेवायचे आणि 78 कापायचे असा येत होता. आकडा मी त्याच्याकडून दोनदा काढून घेतला होता. तरी करवत लावण्याआधी चहा झाला, सगळे पुन्हा सुटे केले, पुन्हा जोडले, आणि या खेपेस माप 214 आले! एवढ्यात काय बदलले? तो म्हणाला, "सर, आठ मिलिमीटरानं काय होतं? मधलं धरू." मी वर्तमानपत्र उचलले. त्याच्या घडीत वरच्या बेअरिंगचे झाकण लपले होते, बरोबर 8 मिलिमीटर उंचीचे. त्या मापाने कापले असते तर सायकल मोडीत गेली नसती, हे खरे. खालची एक चकती काढून वेळ मारून नेता आली असती. पण हँडल तेवढे खाली गेले असते, आणि लांब पल्ल्यावर मानेचे आणि पाठीचे काय होते ते स्वाराला विचारा. म्हणूनच पहिल्यांदा कापणाऱ्याने मुद्दाम एखादा सेंटिमीटर जास्त ठेवावा, जास्तीच्या चकत्या स्टेमच्या वर घालून महिनाभर चालवावे आणि अंगाला मानवेल ती उंची ठरल्यावर बाकीची कापावी. त्याहून जास्त मात्र वर ठेवू नये. खाली किती चकत्या चालतात त्याचीही मर्यादा चिमटा करणाऱ्याच्या कागदावर दिलेली असते.

आता करवत. शेजारचे नळकाम करणारे गृहस्थ आपले पाइप कापायचे फिरते हत्यार घेऊन आले. मोठ्या आपुलकीने आले, पण त्यांना परत पाठवावे लागले. ते चाक धातूला दाबत दाबत कापते. कार्बन हा धाग्यांचे थर राळेत बसवून केलेला असतो. तो दाबला की थर सुटतात. त्याला बारीक दातांची, इंचाला 32 दात असलेली हॅक्सॉची पाती, तीही कोरी. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे, म्हणजे कडेचे धागे उसकटत नाहीत. नळी शेगड्यात नागडी धरायची नाही. आम्ही सागाच्या दोन तुकड्यांना अर्धगोल खाचा पाडल्या आणि त्यांत ती हलकी धरली. सरळ कापण्यासाठी जुना स्टेम वाटाड्या म्हणून लावला. दोन तृतीयांश कापून झाले की नळी फिरवायची आणि उरलेले दुसऱ्या बाजूने कापायचे. एकाच बाजूने शेवटपर्यंत गेले तर शेवटचा पापुद्रा ओरबाडून निघतो. नाकावर मास्क हवा. कापताना पाण्याचे थेंब सोडत राहावे म्हणजे काळी धूळ उडत नाही; ती छातीला आणि कातडीला वाईट. कड काचपेपरने बाहेरून आत घासून घ्यावी आणि पातळ गोंदाचा एक हात द्यावा.

आतमध्ये काय बसते हेही सांगतो, कारण तेथेच पुष्कळ जण चुकतात. लोखंडी नळीत दातेरी नट ठोकतात. कार्बनमध्ये तो ठोकला तर त्याचे दाते आतली भिंत ओरबाडतात. येथे फुगणारा गट्टू बसवतात. तो स्टेमच्या पकडीच्या नेमक्या आत यावा, म्हणजे बाहेरून आवळले जाते तेथे आतून आधार मिळतो. त्या गट्टूला वर ओठ असेल तर त्याची जाडी मापात धरा.

एवढा खटाटोप कशाला असे वाटेल. 2006 च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकॅपी या नामांकित स्वाराच्या चिमट्याची नळी दगडी रस्त्यावर धावता धावता मोडली. हातात नुसते हँडल राहिले आणि तो खांद्यावर आपटला. ती नळी धातूची होती, कार्बनची नव्हे. पण ही नळी गेली म्हणजे काय जाते ते तेथे दिसले. आमच्याकडे हतगडाच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की अंगाचा सारा भार हँडलवर, हँडलचा स्टेमवर आणि स्टेमचा या नळीवर येतो.

जोडताना आधी वरच्या झाकणाचा बोल्ट, चाकाची खडखड जाईल एवढाच. मग हँडल चाकाशी सरळ करून स्टेमचे दोन बोल्ट आळीपाळीने, त्यावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत. आमच्या स्टेमवर 5 न्यूटन-मीटर होते. हा अंदाज हाताला येत नाही. मापाचा पाना नाशिकहून उसना आणला, दोन दिवस काम थांबवून. मुलगा चुळबुळत होता, पण थांबला.

पुढच्या रविवारी तो बोरगावमार्गे हतगडापर्यंत जाऊन आला. आल्यावर पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे हलवली, बोटाने सांध्यावर चाचपून पाहिले, खडखड नव्हती. बोल्ट पुन्हा तपासले, एक किंचित फिरला. कापलेला 78 मिलिमीटरचा तुकडा माझ्या टेबलावर आहे, आणि त्याच्या कडेला थर मोजता येतात.