बारावीचा निकाल कसा वाचावा?



निकाल लागला की आपण एकच प्रश्न विचारतो, "किती टक्के?" 2025 साली 5 मे रोजी निकाल लागला, राज्याची टक्केवारी 91.88 होती. पण राज्याची टक्केवारी आपल्या मुलाच्या काय कामाची? त्याची गुणपत्रिका वाचली पाहिजे.

बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकले की मोबाईलवर गुण दिसतात. मूळ गुणपत्रिका मात्र कॉलेजातूनच मिळते. ती हाती येताच गुणांच्या आधी नाव पाहा. शेख, सय्यद, खान यांचे स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे, हा प्रकार आपल्याकडे फार. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज नेमका तिथेच अडतो. फरक दिसला तर लगेच प्राचार्यांमार्फत दुरुस्तीचा अर्ज द्या.

गुण कमी वाटले तर रडत बसू नका आणि परीक्षकाला बोलही लावू नका. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहतात. उत्तर पुन्हा तपासून हवे असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. ती विषयशिक्षकाला दाखवा. त्यांना पटले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. छायाप्रत मिळाल्यापासून त्यासाठी कामाचे पाचच दिवस असतात. अर्ज ऑनलाइन होतो, अमरावतीच्या विभागीय मंडळात खेटे घालायला नकोत.

सीईटीचे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 85 पर्सेंटाइल याचा अर्थ, शंभरातले 85 परीक्षार्थी तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. पेढे वाटण्यापूर्वी हा फरक समजून घ्या. आणि सीईटी चांगली गेली तरी इंजिनिअरिंगसाठी बारावीच्या ठरावीक विषयांत किमान गुण लागतातच.

आता जे बोलतो ते कडू लागेल. मुलगा एका विषयात राहिला तर आपण शिकवणी लावतो. मुलगी राहिली तर स्थळ पाहतो. अहो, 35 गुणांसाठी तिचे शिक्षण का थांबवता? उत्तीर्ण विषयांत सूट मिळते, राहिलेला तेवढा विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत देता येतो. त्याचे फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतात. तारीख कॉलेजात विचारा, आणि विचारायला जाताना मुलीलाही सोबत न्या.