प्रवेश मिळाल्यानंतर

मंडळी, गावातला मुलगा नामांकित कॉलेजात लागला की पेढे वाटतात, शाळेत सत्कार होतो. मुलगा एस.टी.त बसतो आणि आपण मोकळे होतो. पण गुरुजी, खरी ओढाताण तिथून पुढेच लागते.

२०२४ सालची गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. साडेसतरा हजार रुपये भरायचे होते. ते जमवता जमवता मुदत टळली आणि जागा गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश देवविला. पण प्रत्येकाला काही दिल्ली गाठता येत नाही! म्हणून उत्पन्नाचा नि जातीचा दाखला, बँकेचे खाते ही कामे निकालाआधीच उरकून घ्यावीत. आय.आय.टी.त घरचे उत्पन्न लाखाच्या आत असले तर शिकवणीची फी माफ होते. खाणावळीचे पैसे मात्र कुठूनतरी उभे करावे लागतात.

राजर्षी शाहूंनी ही अडचण नेमकी हेरली होती. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते. पण खेड्यातल्या पोराने उतरायचे कुठे, जेवायचे कुठे? १९०१ पासून त्यांनी समाजासमाजाची वसतिगृहे उभी करविली. त्यांतल्याच एका वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविले, आणि १९४७ साली तिथेच कॉलेज काढले. मुले अंगमेहनत करून शिकली. सगळेच राबत, त्यामुळे कुणाला लाज वाटायची नाही. शिवाय 'जेवलास का, अभ्यास उमजतो का' असे विचारणारे कुणीतरी जवळ होते.

आज शहरात नेमके तेच माणूस नसते. वर्गात पहिला येणारा आपला मुलगा इंग्रजीतले व्याख्यान न कळून मागच्या बाकावर जातो. अडते ते भाषेपाशी, पण त्याला वाटते, आपणच मठ्ठ. घरी तो सांगत नाही. आई-बापांनी आधीच कर्ज काढलेले असते ना!

तेव्हा गुरुजी, पहिल्या सहामाहीची परीक्षा व्हायच्या आत त्याला एकदा फोन करा. मार्क विचारू नका. कोणता विषय कळत नाही ते विचारा, आणि प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन शंका विचारायला लाजू नकोस, असे बजावून सांगा. तुमच्या तालुक्यातला कुणी त्याच कॉलेजात दोन वर्षे पुढे असेल, तर त्याचा नंबर तेवढा त्याला देऊन ठेवा.