ऐपत नाही, तर पाळता कशाला?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



माझा विषय ऐकून काहीजणी गालात हसल्या, ते मी पाहिलं. रेशन, पाणी, मारहाण असे प्रश्न समोर असताना ही बाई कुत्र्यामांजरांच्या औषधपाण्यावर काय बोलणार? दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते.

मानखुर्दच्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथे कचरा वेचणाऱ्या एक मावशी आहेत. नवरा वारला, मुलगा वेगळा राहतो. झोपडीच्या दाराला धड कडी नाही. चंपी ही कुत्री त्यांनी पिल्लू असल्यापासून वाढवली. पहाटे चारला मावशी पोतं घेऊन निघतात तेव्हा चंपी बरोबर असते, म्हणून कुणी आडवं येत नाही.

या मावशींनी गटाकडे ३,००० रुपये कर्ज मागितलं. कारण सांगितलं, घरदुरुस्ती. पावसाळा तोंडावर होता, आम्ही लगेच मंजूर केलं. महिन्याने पाहते तर पत्रा तोच, गळती तीच. मी जाब विचारला. तेव्हा कळलं, चंपीच्या गर्भाशयात पू झाला होता. शस्त्रक्रिया केली नसती तर ती गेली असती. मी फटकन बोलून गेले, "मावशी, ऐपत नाही तर पाळायचं कशाला?" त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. गरजूला दोष देऊ नये, हे परीक्षेत पानभर लिहिलं होतं.

मग मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि हिशेब समजून घेतला. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. जुनी माणसं त्याला बैलघोडा म्हणतात. ते धर्मादाय आहे, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पण मानखुर्दहून आजारी कुत्री तिथवर न्यायची कशी? बसमध्ये घेईनात, रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, टॅक्सीवाला नाही म्हणतो. वर दिवसाची कमाई बुडते. म्हणून मावशी जवळच्या खाजगी दवाखान्यात गेल्या. तिथे आधी पैसे, मग शस्त्रक्रिया. गटाचे पैसे पुरले नाहीत. उरलेले सावकाराकडून आणले, महिन्याला शेकडा दहाने.

वेळेवर नसबंदी झाली असती तर हा आजार टळला असता. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी पालिका संस्थांमार्फत मोफत करते. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मात्र २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मालकाची. चंपीला घरात घेतलं त्या दिवशी मावशी 'मालक' झाल्या आणि मोफत सोयीतून बाहेर पडल्या. जन्मभरात बाईला मालकी मिळाली, ती एवढीच!

शेळी आजारी पडली तर आपले गट कर्ज देतात. शेळी पैसा देते. चंपी काय देते? राखण आणि सोबत. घरात बाई जे राबते त्याचं मोल कुणी धरत नाही, म्हणून आपण इतकी वर्षं भांडतोय. मग जे पैशात मोजता येत नाही ते आपणच शून्य कसं धरतो?

हा विचार नवा नाही. १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत मारिया डिकिन या बाईने एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. गरिबांच्या घरी मदतीला जाता जाता तिने जनावरांचे हाल पाहिले होते. पुढे घोडागाडीतून फिरता दवाखानाही निघाला. पीडीएसए ही तिची संस्था आजही सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या जनावरांवर मोफत किंवा कमी खर्चात उपचार करते.

आमच्या गटात यावर वाद झाला. एकजण म्हणाली, "माझ्या पोरीच्या फीला पैसे नाहीत, अन् कुत्रीला द्यायचे?" तिचं चुकीचं नव्हतं. म्हणून फंडाला हात न लावता वेगळा डबा ठेवला. ज्या बायांकडे जनावर आहे त्या महिन्याला दहा रुपये टाकतात. कर्जाच्या अर्जात 'जनावराचं आजारपण' हे कारण घातलं. परळला जायचं तर चारपाचजणी मिळून टेम्पो करतात. आणि रेशनकार्डधारक गरीब कुटुंबांच्या कुत्र्यामांजरांची नसबंदी आणि रेबीजची लस वस्तीत येऊन मोफत करावी, असा अर्ज पालिकेला दिला आहे. उत्तर आलेलं नाही. पाठपुरावा चालू आहे.

चंपी जगली. सावकाराचं कर्ज गटाने आपल्याकडे वळवून घेतलं. पण मला अजून एक गोष्ट बोचते. मावशी आमच्याशी खोटं का बोलल्या? खरं सांगितलं तर आपण हसू, हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्या गटात 'घरदुरुस्ती' या नावाखाली आणखी काय काय लिहिलं जातं, ते परत गेल्यावर एकदा विचारून पाहा. आणि उत्तर मिळाल्यावर हसू नका.