सरासरीचा प्रवासी

इंदूरच्या राजवाड्याहून विजयनगरास जावयाचे तर दुचाकी आहे, सिटी बस आहे, ऑटो आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर बससाठी राखलेला मार्ग 2013 मध्ये सुरू झाला आणि तो काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये संमती दिली. त्याच वर्षी 31 मे रोजी मेट्रोच्या पहिल्या पट्ट्यावर प्रवासी बसू लागले. अशा शहरात भाडे दोन रुपयांनी वाढल्यास बस कोण सोडील, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

अशा निवडीचे गणित डॅनियल मॅक्फॅडन यांनी रूढ केले. त्यासाठी त्यांस 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक पर्यायाचे भाडे, लागणारा वेळ इत्यादींना वजने द्यावयाची व त्यांवरून कोण काय निवडील याची संभाव्यता काढावयाची, ही त्याची रीत. परंतु तिच्या साध्या रूपात रुपयाचे वजन सर्वांस सारखेच धरले जाते. भंवरकुव्याला शिकवणीसाठी परगावाहून आलेला विद्यार्थी आणि सराफ्यातील पेढीचा मालक यांस दोन रुपये सारखेच जड वाटतात, असे कोण म्हणेल?

म्हणून पुढील अभ्यासकांनी हे वजन माणसागणिक बदलते मानले. स्टाटा, आर, बायोजेम यांसारख्या संगणकप्रणाली ते हिशेब करून देतात. मात्र कोणते वजन बदलते धरावे आणि त्याच्या फैलावाचा आकार कोणता, हे यंत्र ठरवीत नाही. येथेच घाई नडते. पुष्कळजण सवयीने घंटेच्या आकाराचे प्रसामान्य वितरण निवडतात. समजा, भाड्याच्या वजनाची सरासरी उणे 1 व प्रमाण विचलन 1 निघाले. मग शंभरांतील सुमारे 16 प्रवाशांस भाडे वाढलेले आवडते, असा अर्थ होतो! इंदुरात असा प्रवासी शोधून सापडावयाचा नाही. लॉग-प्रसामान्य वितरण घेतले की हा दोष जातो. ते सदैव धन असते, म्हणून भाड्याचे आकडे आधी उणे करून द्यावे लागतात. पण त्याची शेपटी लांब, आणि काही थोड्या माणसांस पैशाची अतोनात चिंता असल्याचे चित्र उमटते.

यांत आणखी एक अडचण आहे. वेळेच्या वजनाला भाड्याच्या वजनाने भागले म्हणजे तासाची किंमत मिळते. भाजक शून्याजवळ गेला की ती किंमत भलतीच फुगते. त्यामुळे कित्येक जाणकार भाड्याचे वजन स्थिरच ठेवतात. उत्तर सुबक येते खरे, परंतु विद्यार्थी आणि पेढीवाला पुन्हा एकाच तराजूत बसतात. केनेथ ट्रेन व मेल्विन वीक्स यांनी 2005 मध्ये तासाची किंमत थेट अंदाजण्याची वाट तपासली. तिच्या निष्पत्ती अधिक पटण्याजोग्या निघाल्या, मात्र आकड्यांशी मेळ तितका साधला नाही.