लांबची चांगली शाळा कुणासाठी?
(पन्हाळा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. छडी नाही, पहिल्या नंबरासाठी चढाओढ नाही, मुलांनी करून बघत शिकायचं. अशी शाळा लांबूनही मुलं ओढते. पण आपल्या वाड्यांवर काय होतं? भाडं भरून मुलाला लांबच्या शाळेत धाडतात. मुलगी मात्र वाडीवरच! (धाकट्याला कोण सांभाळणार?)

म्हणून मी म्हणते, ती रीत वाडीवरच्या शाळेतच मागू या. २००९ च्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात. नुसत्या सहीपुरत्या बसतो आपण. पुढच्या बैठकीला कोण कोण बोलणार, नावं आत्ताच सांगा.