अपघात नशिबात लिहिलेला असतो का?

(भूमिगत कोळसा खाणींतील अपघातांविषयी तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे अब्बा विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत हॉलेजवर काम करायचे. कोळशाने भरलेले टब लोखंडी दोराने ओढून वर आणतात, ते काम. मी सातवीत होतो, तेव्हा एक टब रुळावरून घसरला आणि अब्बांचं पाऊल त्याखाली सापडलं. हाड मोडलं नाही, पण पाऊल टम्म सुजलं, टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीची जीप दारात उभी. दोघांनी अब्बांना उचलून जीपमध्ये बसवलं, हाजरीघरातल्या बाकावर नेऊन ठेवलं आणि पाळी संपल्यावर घरी आणून सोडलं. आठवडाभर हे असंच चाललं. आम्हाला वाटलं, साहेब केवढा भला माणूस! बसून पगार देतोय. अम्मी त्याच्यासाठी दुआ मागायची.

पुष्कळ वर्षांनी मी १९५२ चा खाण कायदा वाचला आणि जीप का येत होती ते मला कळलं. त्या कायद्यानुसार, इजेमुळे कामगाराला ७२ तास किंवा त्याहून जास्त काळ कामाबाहेर राहावं लागलं, तर त्या दुखापतीची नोंद करावी लागायची. अब्बांची हाजरी रोज लागत होती. म्हणजे कागदावर ते कामावर होते आणि त्यांना काहीच झालेलं नव्हतं. पुढे ते आयुष्यभर लंगडत चालले, पण त्या अपघाताची नोंद कुठेच नाही.

तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “अल्लाह की मर्जी. जान बची, शुक्र करो.” शुक्र करण्यात चूक काहीच नव्हती. पण टब घसरला कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. आज मला त्याच न विचारलेल्या प्रश्नावर बोलायचं आहे.

त्यासाठी आधी तुर्कस्तानात जाऊ. १३ मे २०१४ रोजी सोमा या गावातल्या कोळसा खाणीत आग लागली आणि ३०१ कामगार मेले. बहुतेक जण जळून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मेले. या वायूला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान एर्दोगान तिथे आले आणि म्हणाले, अशा गोष्टी घडतच असतात, हे या कामाच्या फितरतमध्येच आहे. दाखल्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खाण-अपघातांची यादी वाचून दाखवली. फितरत हा शब्द आपल्या घरातलाच आहे. फितरत म्हणजे मूळ स्वभाव, जो बदलता येत नाही.

आता हा स्वभाव कसा होता ते पाहू. खाण सरकारी मालकीची, पण चालवायला खासगी कंपनीला दिलेली. एक टन कोळसा काढायचा खर्च आपण १३० डॉलरवरून २४ डॉलरच्या आत आणला, असं कंपनीच्या मालकाने दोन वर्षांपूर्वी मुलाखतीत अभिमानाने सांगितलं होतं. सोमाच्या खाणींतल्या अपघातांची चौकशी व्हावी, असा विरोधी पक्षाचा प्रस्ताव संसदेत आला होता. दुर्घटनेच्या जेमतेम दोन आठवडे आधी तो फेटाळला गेला. खाणीतली वायुमापक यंत्रं आधीपासूनच वाढलेले आकडे दाखवत होती, असं तज्ज्ञांनी नंतर अहवालात लिहिलं. २०१८ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षाला १५ वर्षांची शिक्षा दिली. फितरतला कुणी तुरुंगात टाकत नाही. शिक्षा झाली, याचा अर्थ माणसांनी काही केलं होतं आणि काही करायचं टाळलं होतं.

तिथली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. एका जखमी कामगाराला वर आणलं, तेव्हा स्ट्रेचर खराब होईल म्हणून बूट काढू का, असं तो विचारत होता. मरणाच्या दारातून आलेला माणूस आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून संकोचतो. माझ्या अब्बांनाही जीपचा संकोच वाटायचा.

पुढे २०२२ मध्ये तुर्कस्तानातच अमासरा इथल्या सरकारी खाणीत स्फोट होऊन किमान ४१ जण मेले. तेव्हा एर्दोगान राष्ट्राध्यक्ष होते. या वेळी त्यांनी तकदीरचं नाव घेतलं. त्या खाणीत वायूचा धोका वाढतो आहे, हे सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात लिहून ठेवलं होतं.

आता आपल्या देशात येऊ. अमिताभ बच्चनचा ‘काला पत्थर’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यामागे खरी घटना आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ माणसं मेली. ते पाणी आभाळातून पडलेलं नव्हतं. वरच्या जुन्या खोदकामात ते साठलेलं होतं, आणि मधली कोळशाची भिंत फुटली. जुन्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत खणायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्यायची, हा नियम १९५७ पासून होता. म्हणजे माणसं मेली तेव्हा तो नियम अठरा वर्षांचा झाला होता.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. नोव्हेंबर १९८९, राणीगंजची महावीर खाण. इथेही पाणीच घुसलं. ७१ जण आत अडकले, त्यातले सहा बुडाले. उरलेल्या ६५ जणांसाठी जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून माणूस मावेल एवढं भोक पाडायला लावलं, पोलादी पाळणा बनवून घेतला आणि त्यात बसून ते स्वतः खाली उतरले. एकेक करून सगळ्या ६५ जणांना वर काढलं. मग या ६५ जणांचं नशीब चांगलं आणि चासनालाच्या ३७५ जणांचं वाईट, एवढंच म्हणून थांबायचं का? चासनालात धोका थोपवण्याचा नियम कामी आला नाही. महावीरमध्ये माणसं खटपट करत होती, म्हणून ६५ जण घरी गेले.

खाणीतला जवळजवळ प्रत्येक धोका जुना आहे आणि त्याचा उपायही जुनाच आहे. छत कोसळतं, म्हणून ते ठोकून त्याचा आवाज ऐकायचा. आवाज पोकळ आला तर टेकू किंवा बोल्ट लावल्याशिवाय खाली उभं राहायचं नाही. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून हवा खेळती ठेवायची आणि वायू मोजत राहायचा. टब घसरतो, म्हणून रूळ तपासायचा. धूळ फुप्फुसात बसते, म्हणून पाणी मारायचं आणि कामगाराची ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची. हे सगळं लिहिलेलं आहे. फक्त त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तेवढ्यापुरता कोळसा कमी निघतो.

कुणी मला विचारेल, मग तुम्ही तकदीर मानत नाही का? मी आलिम नाही. कुणाच्या ईमानावर बोलायचा मला अधिकार नाही. पण उंट आधी बांधा, मग भरोसा ठेवा, ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. छताला टेकू देणं, रूळ आवळणं म्हणजे उंट बांधणंच. जनाज्यापाशी सबर सांगणारा माणूस दिलासा देतो. तोच शब्द मालक किंवा मंत्री वापरतो, तेव्हा तो स्वतःची सुटका करून घेतो. शब्द एकच असला, तरी तो कोण बोलतंय ते बघायला शिका.

आता थोडं कामाचं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांत खाणी आहेत. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी खाणीत असेल, कदाचित ठेकेदाराकडे असेल. त्याला चार गोष्टी सांगा. एक, तुझं नाव हाजरीच्या रजिस्टरमध्ये आहे का, ते आजच बघ. अपघात झाल्यावर बघून उपयोग नाही. दोन, खाली उतरण्याआधी प्रशिक्षण मिळणं हा तुझा हक्क आहे. ते न घेता कागदावर सही करू नकोस. तीन, लागलं तर दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहून घे आणि तिची प्रत घरी ठेव. चार, बरा नसशील तर हाजरी लावायला जाऊ नकोस, जीप आली तरी.

आणि तुम्ही, जे शिकलेले आहात, ते अर्ज लिहा. सरकारी कोळसा कंपनी माहिती अधिकाराखाली येते. सुरक्षा समितीच्या बैठकीत कोणती तक्रार आली, तिचं पुढे काय झालं, हे विचारता येतं. तुमच्यातले बरेच जण खाणीत जाणार नाहीत. गॅरेजमध्ये जाल, वेल्डिंगला जाल, इमारतीच्या पराचीवर चढाल. तिथेही लागलं की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगेल, नशीब समज, वाचलास. त्याचे आभार माना. आणि मग विचारा, हे झालं कशामुळे?

अब्बा जायच्या काही महिने आधी मी त्यांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, “रूळाचा जोड ढिला होता, बेटा. मी सरदारला तीनदा सांगितलं होतं.” मी विचारलं, “लिहून दिलं होतं का?” ते हसले. “मला लिहिता कुठे येत होतं?”

तुम्हाला येतं.